शार्क परतवणारं यंत्र: बोर्डाला लावून दोन हिवाळे

यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी ते ओट्यावर चार्जिंगला लावलं होतं. मिक्सरच्या शेजारी एक काळा चपटा ठोकळा, त्यावर बारीक दिवा. तेवढ्यात मालवणहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. फोन डब्याला टेकवून मी भाजी चिरत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं. ‘‘ह्या काय गो?’’ मी सांगितलं, हे सर्फिंगच्या बोर्डाला लावायचं, पाण्यात विजेचे झटके सोडतं, मग मोरी (आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात) जवळ येत नाही. बाबांनी उभं आयुष्य रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काढलं. मोरी त्यांनी जाळ्यात पाहिली, होडीत पाहिली, बाजारात वाटे लावलेली पाहिली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘जिती मोरी पायाकडे येता ता तुका म्हायत आसा, आणि तरी तू थंयच बसान रवतंस?’’

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आता दोन हिवाळे हे यंत्र वापरून झालं आहे, काही गोष्टी पक्क्या कळल्या आहेत, म्हणून लिहिते आहे. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम घालत नाही. मला सांगायचं आहे ते या जातीच्या यंत्राबद्दल, आणि ते घेतल्यावर माणसाचं काय होतं त्याबद्दल.

मी पर्थच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते, रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सर्फिंग शिकले तेव्हा अडतीस वर्षांची होते. मुलाला स्कारबरोच्या किनाऱ्यावर क्लासला सोडायचे आणि वाळूत बसून राहायचे. एक दिवस त्याच्याबरोबर पाण्यात उतरले ती उतरलेच. आता चव्वेचाळीस. आठवड्याला दोन सकाळी, बहुतेक ट्रिगला नाहीतर स्कारबरोला, आणि शाळेच्या सुट्टीत दक्षिणेला यालिंगप, ग्रेसटाउनकडे. मालवणच्या मुलीला पाण्याची भीती नसते असं इथे सगळे धरून चालतात. खरं सांगायचं तर आमच्या घरात बायका समुद्रात उतरत नसत. मला पोहायला सुद्धा इथे आल्यावर आलं.

आम्ही पर्थला आलो ते २०१४ साल. आधीच्या तीन वर्षांत या राज्याच्या किनाऱ्यावर सात माणसं शार्कमुळे गेली होती आणि सरकारने समुद्रात आमिष लावलेले मोठे गळ टाकले होते. त्याच उन्हाळ्यात कॉटस्लोच्या किनाऱ्यावर हजारो माणसं जमली, शार्क मारू नका म्हणून. मी नवखी, मला ते उमगेना. ज्या जनावराने माणसं नेली त्याच्यासाठी पोरंबाळं घेऊन लोक उन्हात उभे. त्या मोहिमेत टायगर शार्क सापडले, पण जिच्यासाठी गळ टाकले होते ती पांढऱ्या शार्कची जात एकदाही लागली नाही. पुढे राज्याच्या पर्यावरण संस्थेने हे चालू ठेवू नये असा सल्ला दिला आणि ते थांबलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली आहे: समुद्र शार्कमोकळा करता येत नाही. मग करायचं ते आपल्या बोर्डापुरतं.

ग्रेसटाउन हे इथल्या सर्फरांच्या मनातलं दुखरं ठिकाण आहे. जेमतेम काही घरांचं गाव, समोर निळाभोर उपसागर, आणि लाटा अशा की लोक पर्थहून अडीच-तीन तास गाडी मारून जातात. २००४, २०१०, २०१३, या तीन वर्षांत तिथल्या पाण्यात एकेक सर्फर शार्कने नेला. १६ एप्रिल २०१८ ला त्याच परिसरात काही तासांच्या अंतराने दोघांना शार्क चावला. दोघंही वाचले. जवळच मार्गारेट रिव्हरला जागतिक स्पर्धा चालू होती, ती आधी थांबवली आणि दोन दिवसांनी रद्दच केली. माझा मुलगा तेव्हा लहान होता, पण ती बातमी आणि त्याआधीचा सर्फर मिक फॅनिंगचा प्रसंग त्याला पाठ आहे. दक्षिण आफ्रिकेत जेफ्रीज बेला, जुलै २०१५ मध्ये, स्पर्धेच्या अंतिम फेरीत कॅमेऱ्यासमोर फॅनिंगच्या मागे पाण्यातून शार्कचा पर वर आला. तो लाथा मारत, ठोसे मारत सुटला, लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटली, अंगावर ओरखडा नाही. पुढच्या वर्षी तो तिथेच परत गेला आणि जिंकला. मुलाला त्यातला शेवटचा भाग आवडतो. मला पहिला भाग झोपू देत नसे.

म्हणून यंत्र. मी घेतलं तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचं सरकार शास्त्रीय कसोटीला उतरलेल्या यंत्रावर रहिवाशांना २०० डॉलरची सवलत देत होतं. ती वजा जाऊनसुद्धा मला एका माणसाचा आठवड्याचा किराणा तीनदा भरता आला असता एवढे पैसे पडले. स्वस्त नाही, हे आधीच सांगते.

आता वस्तू कशी आहे ते. दोन भाग. बोर्डाच्या शेपटीवर, मागचा पाय ठेवतो तिथे, जाड रबरी टेल पॅड चिकटवायचा. त्याच्या पोटात बॅटरीचा ठोकळा बसतो. आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला एक पातळ पट्टी, स्टिकरसारखी, तिच्या दोन टोकांना दोन धातूचे पत्रे. समुद्राचं खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे बोर्ड पाण्यात गेला की त्या दोन पत्र्यांमध्ये ठोक्या-ठोक्याने विद्युत क्षेत्र तयार होतं. शार्कच्या नाकाडावर बारीक भोकं असतात, आत जेलीसारखा द्रव भरलेल्या नळ्या. त्यांना लोरेंझिनीचे कुंभ म्हणतात. वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंची अगदी क्षीण वीज सुद्धा शार्कला त्यातून कळते. ज्या इंद्रियाला कुजबूज ऐकू येते त्याच्याजवळ अचानक ताशा वाजवावा, तसं हे काम करतं. शार्क दुखावला जात नाही, त्याला ते सहन होत नाही म्हणून तो वळतो. हा विचार मुळात दक्षिण आफ्रिकेतला, क्वाझुलू-नाताळ प्रांतात किनाऱ्यांना शार्कची जाळी लावणाऱ्या मंडळाचा. यंत्र घेण्याआधी मला या गोष्टीने फार धीर दिला. मारायचं नाही, फक्त नको म्हणायचं.

पण त्या क्षेत्राचा आवाका किती? इथेच लोक फसतात. आपल्या मनात चित्र असतं की बोर्डाभोवती एक मोठा गोल तयार होतो आणि शार्क त्याच्याबाहेर फिरत राहतो. प्रत्यक्षात अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्याने विरतं. पर्थच्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या लोकांनी दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बेला अशा एका यंत्राची पांढऱ्या शार्कवर चाचणी घेतली होती, ती २०१६ मध्ये छापून आली. पहिल्या भेटीत शार्क सरासरी सुमारे १.३ मीटरवर थांबले. पुढच्या प्रत्येक फेरीत ते आणखी साधारण १२ सेंटिमीटर जवळ आले. म्हणजे त्यांना हळूहळू सवय होते. माझ्या स्वयंपाकघराचा ओटा त्यापेक्षा लांब आहे.

दुसरी चाचणी २०१८ ची, फ्लिंडर्स विद्यापीठाची, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ. त्यांनी बाजारातल्या पाच वस्तू घेतल्या: दोन विजेवर चालणाऱ्या, दोन लोहचुंबकाच्या (एक मनगटातला पट्टा, एक लीश), आणि एक वासाचं मेण. प्रत्येक वेळी बोर्डाखाली आमिष बांधलं, ४४ पांढरे शार्क, २९७ प्रयोग. काहीच न लावलेल्या बोर्डाखालचं आमिष ९६ टक्के वेळा खाल्लं गेलं. पाचांतल्या फक्त एका विजेच्या यंत्राने ते ४० टक्क्यांवर आणलं, आणि शार्कचं बोर्डापासूनचं सरासरी अंतर १.६ मीटरवरून २.६ मीटर झालं. बाकी चार वस्तूंनी शार्कच्या वागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

लॅबमध्ये रोज आकडे वाचते, तरी या आकड्यांपाशी मी दोन दिवस अडकले. निम्म्याहून जास्त वेळा वाचवणारं यंत्र हे उत्तम यंत्र आहे. आणि दहातल्या चार वेळा आमिष गेलंच. दोन्ही खरं आहे. ज्याला यातलं एकच वाक्य ऐकू येतं त्याने हे घेऊ नये. चुंबकाचा पट्टा आणि मेण मात्र कुणीही घेऊ नये. मुलांना वाढदिवसाला तो पट्टा देणारे दोन-तीन मराठी आईवडील मला गणपतीत भेटले, त्यांना मी हेच सांगितलं.

बसवताना आमचा एक शनिवार गेला. बोर्डावरचं जुनं मेण उन्हात मऊ करून खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, पट्टी एका दमात सरळ चिकटवायची, खाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि मग दिवसभर पाण्यात न्यायचं नाही. दुकानाने मला आधी आखूड बोर्डाची पट्टी दिली. माझा बोर्ड सात फुटी. बदलून मिळायला दोन आठवडे लागले. घेताना बोर्डाची लांबी लिहून न्या आणि पट्टीच्या खोक्यावरचं माप समोरच वाचा.

पाण्यात पहिला फरक वजनाचा. बॅटरी शेपटीत असल्याने बोर्डाचं नाक किंचित उचललं जातं, त्यामुळे हात मारताना सुरुवातीला बोर्ड मागे बसल्यासारखा वाटतो. पंधरा दिवसांत मी दोन इंच पुढे सरकून झोपायला लागले आणि ते जुळलं. मुलाचा बोर्ड लहान आणि हलका, त्याला हे वजन वळणावर कळतं. तो तक्रार करतो ती खरी आहे.

दुसरा फरक झटक्याचा. पत्र्याजवळ पाय गेला की झटका बसतो. कोपराचं हाड आपटल्यावर हातभर ज्या झिणझिण्या जातात तसा, पण पोटरीत, आणि ठोक्याठोक्याने. धोका नाही, पण पहिल्यांदा बसला तेव्हा मी किंचाळले आणि शेजारचे तिघं वळून पाण्यात बघायला लागले, कारण इथे किंचाळण्याचा अर्थ एकच होतो. तेव्हापासून लाटा फुटतात ती रेघ ओलांडून बसले की मगच चालू करते. पण लाटेवरून पडल्यावर बोर्ड अंगावर येतो तेव्हा कधीतरी बसतोच. माहितीपत्रकात पेसमेकर असणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी वापरू नये असं लिहिलं आहे, ते गांभीर्याने घ्या. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्याच कारणाने डॉक्टरांना विचारून विचार सोडला.

तिसरी गोष्ट माझ्या यंत्राचा खरा दोष म्हणून नोंदवते. चालू असल्याचा दिवा टेल पॅडच्या मागच्या कडेला आहे. बोर्डावर बसलं की तो आपल्या मागे, पाण्याखाली. बॅटरी संपली तर कळत नाही. पहिल्या हिवाळ्यात एकदा मी दीड तास ट्रिगला बसले होते आणि बाहेर येऊन पाहते तर दिवा गेलेला. केव्हा गेला ते सांगता येणार नाही. दीड तास मी एका बंद पेटीच्या भरवशावर होते.

त्या दिवशी कळलेली गोष्ट बॅटरीपेक्षा मोठी होती. सकाळ कशी गेली ते मी घरी येताना आठवत होते. आभाळ झाकोळलेलं, पाऊस पडून गेलेला, पाणी गढूळ, माझ्याशिवाय पाण्यात एकच माणूस आणि तोही दूर. यंत्र नसताना अशा सकाळी मी उतरलेच नसते. गाडीत बसून चहा प्याले असते आणि परत फिरले असते. यंत्र आल्यापासून मी हळूहळू उतरायला लागले होते: अंधार पडता पडता, एकटीने, पक्षी सूर मारत असताना. कुणी मला सांगितलं नव्हतं. बटण दाबलं की ‘टिक’ होतं, आणि त्या आवाजाबरोबर माझी पाहण्याची सवय बंद होत होती. रापणीवर बाबा पाण्यात पाय घालण्याआधी आभाळ, पाण्याचा रंग, घारी-कुरव कुठे फिरतात हे सगळं बघत. बोलत काही नसत, बघत. मी ते लहानपणी शिकले होते आणि काही महिन्यांत एका ठोकळ्याच्या हवाली केलं होतं.

हे या परीक्षणाचं मुख्य वाक्य आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. यंत्र धोका कमी करतं. पण यंत्र लावून तुम्ही जास्त धोक्याच्या वेळी उतरायला लागलात, तर केलेली वजाबाकी तुम्हीच भरून काढता.

मग मी घरात नियम केला, मुलासाठी आणि माझ्यासाठी एकच. आधी ठरवायचं की यंत्र नसतं तर आज उतरलो असतो का. उत्तर हो आलं तरच बटण दाबायचं. सरकारचं शार्कस्मार्ट अ‍ॅप बघायचं. त्यात कुणी शार्क पाहिल्याची खबर आणि टॅग लावलेला शार्क समुद्रात नांगरलेल्या रिसीव्हरजवळून गेला तर त्याचा इशारा येतो. टॅग नसलेल्या शार्कची रिसीव्हरला खबर नसते, आणि बहुतेक शार्कांना टॅग नाही. ग्रेसटाउनजवळ २०१९ ते २०२१ अशी दोन वर्षं नव्या प्रकारचे गळ लावून बघितले, शार्क लागला की लगेच संदेश, मग टॅग करून दूर नेऊन सोडायचा. दोन वर्षांत पांढरे शार्क लागले दोन. तेव्हा अ‍ॅपवर काही नाही म्हणजे पाण्यात काही नाही असं नव्हे. उन्हाळ्यात पर्थच्या किनाऱ्यावरून लाइफसेव्हरांचं हेलिकॉप्टर फिरतं, ते घिरट्या घालायला लागलं किंवा सायरन झाला की प्रश्न न विचारता बाहेर. हे मी इथल्या म्हाताऱ्या सर्फरांकडून शिकले. ते लाट अर्धी टाकून येतात.

आता तो प्रसंग, ज्याबद्दल मला सगळे विचारतात.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल, शाळेला सुट्टी, यालिंगप. मार्च-एप्रिलमध्ये या किनाऱ्याने सामन माशांचे थवे जातात; वरून पाहिलं तर ढगाची सावली पाण्यात सरकावी तशी दिसतात. त्या सकाळी थवा उत्तरेला दूर होता, पाणी काचेसारखं, आम्ही सातआठ जण पाण्यात. यंत्र माझ्या बोर्डावर, चालू. मुलगा माझ्या डावीकडे वीस हातांवर. एक सेट, म्हणजे लागोपाठच्या लाटांची रांग, आला, मोठा नव्हता, छातीएवढा. उगवतीचं ऊन त्या लाटेच्या भिंतीवर पडलं होतं, आणि त्या उजळलेल्या भिंतीत, आमच्या समोर, तो होता. आडवा, तांबूस पाठीचा, माझ्या बोर्डाच्या दीडपट तरी. ब्रॉन्झ व्हेलर, हे नंतर कळलं. तेव्हा कळला तो फक्त आकार. लाट आमच्याखालून गेली आणि तो दिसेनासा झाला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही बोललो नाही. मी पाय वर घेतले. मग तो माझ्या उजव्या हाताला, वरच्या थरात, सरळ माझ्याकडे येताना दिसला. घाई नव्हती. मोरी अशी चालते हे मला माहीत नव्हतं. मी तिला नेहमी वाळूवर पाहिलेली, शेपटी आपटताना. ही सगळी एका रेषेत चालत होती, शेपूट फक्त टोकाला हलत होतं. दोन बोर्ड अंतर राहिलं असेल, तेवढ्यात तो एकदम डावीकडे मुरडला, डोकं झटकल्यासारखं, आणि खाली गेला. पुन्हा दिसला नाही. आम्ही पोटावर झोपून किनारा गाठला. मुलाने मला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला, हे मला वाळूवर आल्यावर कळलं. त्याचा राग येऊन मी रडले.

यंत्रामुळे वळला का? ज्या अंतरावर तो वळला ते अंतर फ्लिंडर्सच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे, तरी डोकं झटकणं मी डोळ्यांनी पाहिलं. पण ब्रॉन्झ व्हेलर माशांच्या मागे होता, माणसाला नुसता बघून निघून जाणं हेच तो बहुतेक वेळा करतो. किनाऱ्यावरचा एक पांढऱ्या दाढीचा सर्फर म्हणाला, मी चाळीस वर्षांत असे कितीतरी पाहिलेत आणि माझ्या बोर्डाला कधी काही नव्हतं. एका प्रसंगाने काही सिद्ध होत नाही, हे मी लॅबमध्ये नव्या मुलांना रोज सांगते. तरी त्या रात्री मी ठोकळा गोड्या पाण्याने धुऊन चार्जिंगला लावताना त्याच्यावर जरा हात ठेवला. तेही खरं आहे, म्हणून लिहिलं.

हे तांबूस, जिज्ञासू शार्कचं झालं. पांढरा शार्क जेव्हा खरोखर शिकार करतो तेव्हा खालून, खोलातून, प्रचंड वेगाने येतो. एक-दोन मीटरच्या क्षेत्राने त्याला वळायला किती वेळ मिळणार, हा विचार प्रत्येकाने घेण्याआधी करावा. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांचं म्हणणं आहे की खालून पाहताना शार्कच्या नजरेला हात मारणारा सर्फर आणि पोहणारा सील यांत फरक करणं अवघड जातं. त्यांनीच मॉसेल बेला सीलच्या आकाराच्या फळ्यांच्या पोटाला दिवे लावून ओढून पाहिलं, तर पांढरे शार्क त्यांच्यावर कमी धावले. हे २०२४ मध्ये छापून आलं. अजून दुकानात घ्यावं असं काही त्यातून आलेलं मी पाहिलेलं नाही, पण माझी नजर त्या कामावर आहे. खालून येणाऱ्याला खालूनच उत्तर, हे मला पटतं.

यालिंगपनंतर मी यंत्रावर खर्च केला त्याच्या एका लहान भागात आणखी एक वस्तू घेतली आणि तिला मी यंत्राच्या वर ठेवते. टूर्निके, रक्त थांबवायचा आवळपट्टा. शार्क चावलेली माणसं बहुतांशी रक्त जाऊन मरतात, आणि ती मिनिटं किनाऱ्यावर, रुग्णवाहिकेआधी, संपतात. ३१ ऑक्टोबर २००३ ला हवाईच्या कौआई बेटावर तेरा वर्षांच्या बेथनी हॅमिल्टनचा डावा हात टायगर शार्कने खांद्याजवळून नेला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी सर्फबोर्डाच्या लीशने ती जखम आवळली, म्हणून ती रुग्णालयापर्यंत पोचली. महिनाभरात ती पुन्हा बोर्डावर होती. मांडीच्या जखमेला मात्र लीश पुरत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या एका डॉक्टरांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं की जांघेच्या मध्यावर, कमरेचं हाड आणि गुप्तांग यांच्या बरोबर मध्ये, मूठ रोवून अंगाचा सगळा भार दिला तर रक्त लीशपेक्षा कितीतरी चांगलं थांबतं. याला बॅटरी लागत नाही. मी मुलाला आणि त्याच्या चार मित्रांना आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपवून हे शिकवलं. आधी ती पोरं लाजली. मग एकाच्या पायाची नाडी खरंच मंदावली तेव्हा सगळी शांत झाली.

तेव्हा घ्यावं की नाही. पश्चिम किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियात राहता, वर्षभर पाण्यात असता, घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोर आहे जे तुमचं ऐकून किनाऱ्यावर बसणार नाही: घ्या. वर्षातून दोनदा, भर उन्हाळ्यात, लाइफगार्डच्या झेंड्यांमध्ये खेळणाऱ्यांनी यावर पैसे घालू नयेत. गोव्यात आश्वे-मांद्रेला शिकणारी माझी भाची विचारत होती; तिला मी नको म्हटलं. आपल्याकडे सर्फरला सांभाळायचं असतं ते पाण्याच्या ओढीला आणि पावसाळ्यातल्या समुद्राला. आपल्या पाण्यात शार्क नाहीत असं मात्र समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघरला मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला गेलेल्या तरुणाचा पाय शार्कने धरला, ती बातमी बाबांनीच मला पाठवली होती. खाली काही लिहिलं नव्हतं.

जगभरात वर्षाला न छेडता शार्क चावल्याच्या घटना साधारण साठ-सत्तर, असं फ्लोरिडा विद्यापीठाची नोंदवही सांगते, आणि त्यातल्या बहुतेकांत माणूस वाचतो. हे मी बाबांना सांगून पाहिलं. आकड्याने त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते व्हावं असंही मला आता वाटत नाही. त्यांना मी हे सांगितलं की मी उतरण्याआधी थांबते, तुमच्यासारखी. कुठे बघतेस, विचारलं त्यांनी. पक्षी, म्हटलं. पाण्याचा रंग. मासा कुठे आहे ते. ‘‘आणि वारो?’’ म्हणाले. वारा मी बघत नव्हते. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असला की लाट चांगली, एवढाच माझा हिशोब. त्यांनी मग अर्धा तास वाऱ्याबद्दल सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात मुलगा मित्रांबरोबर ग्रेसटाउनला जाणार आहे, पहिल्यांदाच आमच्याशिवाय. यंत्राचा ठोकळा मी माझ्या बोर्डावरून काढून त्याला दिला आहे आणि त्याच्या बोर्डासाठी नवीन पट्टी आणली आहे, या वेळी माप वाचून. बॅटरीच्या दिव्यासाठी त्याने स्वतः युक्ती काढली: दर तासाला एकाने दुसऱ्याच्या बोर्डाची शेपटी बघून सांगायचं. त्याचा टूर्निके त्याच्या पिशवीत नाही ठेवलेला. तो त्याच्या मित्राच्या पिशवीत आहे, आणि मित्राचा त्याच्या.